सर्ज प्रोटेक्टर (घरगुती वापर)

वीजपुरवठ्यात क्षणभर उसळणारा जादा दाब उपकरणांपर्यंत पोहोचण्याआधीच दुसरीकडे वळवणाऱ्या साधनाला सर्ज प्रोटेक्टर म्हणतात. दुकानात ते बहुधा ‘स्पाइक गार्ड’ म्हणून मागितले जाते. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो, परंतु जवळपास वीज कोसळली तर काही मायक्रोसेकंदांपुरता हा दाब हजारो व्होल्टांवर जाऊ शकतो.

साधनाच्या आत झिंक ऑक्साइडची नाण्याएवढी चकती, म्हणजे व्हॅरिस्टर, बसवलेली असते. नेहमीच्या दाबाला ती प्रवाह जवळजवळ अडवून धरते. दाब मर्यादेपलीकडे गेला की तिचा रोध एकदम घसरतो आणि जादा प्रवाह न्यूट्रलकडे (प्रवाह परत नेणारी तार) किंवा अर्थिंगकडे (जमिनीशी जोडलेली तार) निघून जातो. मोठ्या झटक्यांनी ही चकती झिजते आणि निकामी झाली तरी अनेक बोर्डांतून वीज पूर्ववत मिळत राहते, त्यामुळे घरच्यांना पत्ताही लागत नाही. म्हणून संरक्षण शाबूत असल्याचे दाखवणारा स्वतंत्र दिवा असलेलेच साधन घ्यावे. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डांवरील लाल दिवा केवळ वीज चालू असल्याचे सांगतो आणि त्यांपैकी कित्येकांत व्हॅरिस्टर नसतोच.

अर्थिंग नसेल तर फेज (वीज आणणारी तार) व न्यूट्रल यांच्यामधील संरक्षण तेवढे उरते. जुन्या घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचण्याची सवय असते, तिने जमिनीकडे जाणारी वाटच तुटते. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हे साधन विकत घेण्याइतकेच आवश्यक आहे.

न्यूट्रल तुटला तरी सर्ज प्रोटेक्टर उपकरणे वाचवतो, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तुटला, तर एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळपास चढून मिनिटेच्या मिनिटे तसाच राहू शकतो: दिवे डोळे दिपवणारे होतात, पंखा एकाएकी वेग घेतो. क्षणिक झटक्यांसाठी घडवलेला व्हॅरिस्टर अशा वेळी तापत जातो, आणि त्याला उष्णतेने तुटणारा फ्यूज जोडलेला नसल्यास पेटूही शकतो. तेव्हा मेन स्विच तत्काळ बंद करावा. या धोक्यासाठी दाब वाढताच पुरवठा तोडणारे वेगळे साधन मुख्य बोर्डात बसवावे लागते. साधा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच) केवळ प्रवाह पाहतो, दाब नव्हे.

सहा अँपिअरच्या स्पाइक गार्डवर सुमारे १,४०० वॉटपेक्षा अधिक भार टाकू नये, म्हणजेच गीझर किंवा हीटर त्यावर लावू नये. एकाला दुसरा बोर्ड जोडणे, तसेच तो गादीखाली किंवा पडद्यामागे दडपून ठेवणे, हेही आगीला निमंत्रण देणारे आहे.

जवळच पडलेल्या विजेपुढे घरगुती साधनाचा निभाव लागेलच असे नाही. वळवाचे ढग दाटू लागताच, गडगडाट जवळ येण्यापूर्वी, दूरदर्शन संच व संगणक यांचे प्लग काढावेत आणि सोबत केबलची व ब्रॉडबँडची तारही सोडवावी, कारण झटका त्या वाटेनेही आत येतो.