लॅव्हनमची वाकडी घरे

इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या लॅव्हनम या गावाची वस्ती दोन हजारांहून कमी आहे, पण तिथल्या तीनशेहून अधिक वास्तू देशाच्या संरक्षित यादीत आहेत. त्यांतल्या बहुतेक पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या आहेत, आणि त्यांपैकी कितीतरी उघडउघड वाकड्या आहेत. वरचा मजला रस्त्यावर झुकलेला, दाराची चौकट तिरपी, खिडक्यांच्या ओळी एका रेषेत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते की पाया खचला असावा किंवा वयोमानाने घर थकले असावे. काही घरांच्या बाबतीत ते खरेही असेल, परंतु या वाकडेपणाचा मोठा भाग घर नवे असतानाच, पहिल्या काही वर्षांत आलेला आहे.

याचे कारण असे, की त्या काळचे सुतार ओकचे लाकूड ओलेच वापरत. सुकलेला ओक इतका कठीण होतो की हाताच्या हत्यारांनी त्याला खाचा पाडणे फार कष्टाचे पडते. शिवाय जाड तुळई सुकायला कित्येक वर्षे लागतात, आणि तेवढे थांबायची कोणाची तयारी नसे. ओले लाकूड सुकताना आक्रसते, पण सगळ्या दिशांनी सारखे नाही. वर्षवलयांच्या घेराच्या दिशेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आक्रसते, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे तुळईला चिरा पडतात, ती पिळवटते, आणि तिच्याबरोबर सांगाडाही थोडा वळतो. तरीही तो कोसळत नाही, कारण एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार ओकची खुंटी ठोकलेली असते. दोन्ही लाकडांतली भोके मुद्दामच किंचित पुढेमागे पाडलेली असत, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा घट्ट ओढला जाई. असा सांधा थोडी हालचाल सोसून घेतो.

ओले लाकूड वापरण्याच्या या रिवाजाचा आजच्या संशोधकांना अनपेक्षित फायदा झाला आहे. तुळईवर सालीलगतचे शेवटचे वलय शिल्लक असेल, तर वलयांच्या रुंदीचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवून झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते. आणि लाकूड साठवून ठेवले जात नसल्यामुळे तोडणीचे वर्ष हेच जवळजवळ बांधणीचे वर्ष ठरते.

इतकी जुनी घरे एकाच गावात टिकली, यामागे मात्र विज्ञान नसून गरिबी आहे. निळ्या लोकरी कापडाच्या व्यापारामुळे १५२४ च्या करआकारणीत लॅव्हनम इंग्लंडच्या सर्वांत धनाढ्य गावांमध्ये मोडत होते. १५३० च्या सुमारास बांधलेले तिथले गिल्डहॉल, म्हणजे गावातल्या एका संघाचे सभागृह, त्याच संपत्तीची खूण आहे. पुढे हलक्या आणि स्वस्त कापडाने बाजार बळकावला, धंदा बसला आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा गावात उरला नाही. कायद्याचे संरक्षण फार नंतरचे आहे. १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने संरक्षित वास्तूंच्या याद्या देशभर पद्धतशीरपणे तयार होऊ लागल्या. आता १७०० पूर्वीची वास्तू मूळ रूपाच्या जवळपास असेल तर ती बहुधा यादीत जातेच, आणि परवानगीवाचून तिच्यात फेरफार करणे हा फौजदारी गुन्हा आहे.

कायदा रूप राखतो. लाकूड राखायचे तर ओलावा समजून घ्यावा लागतो. या घरांत सांगाड्याच्या मधल्या जागा कुडाने भरलेल्या असत. काड्यांच्या विणीवर माती, पेंढा आणि शेण यांचा लेप, त्यावर चुन्याचा गिलावा. असा गिलावा पावसात थोडे पाणी शोषतो आणि ऊन पडले की सोडून देतो. विसाव्या शतकात अनेक जुन्या घरांवर मजबुतीच्या नावाखाली सिमेंटचा गिलावा चढवला गेला. माझ्या मते जुन्या लाकडी घरांचे त्याइतके नुकसान सरळ दुर्लक्षानेही झाले नसेल. लाकूड हलते, ताठर सिमेंटला बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी आत शिरते, आणि सिमेंट ते सहजी बाहेर जाऊ देत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते, आणि बुरशीने मऊ झालेल्या ओकवर डेथवॉच नावाचा भुंगेरा येतो. त्याच्या अळ्या वर्षानुवर्षे आतून लाकूड पोखरतात. प्रौढ भुंगेरा जोडीदाराला बोलावण्यासाठी लाकडावर डोके आपटतो. मरणासन्न माणसाच्या उशाशी रात्र जागवणाऱ्यांना तो आवाज ऐकू येई, त्यावरून त्याला हे अशुभ नाव पडले. म्हणून दुरुस्तीत पहिले काम बहुधा औषध फवारण्याचे नसते. सिमेंट काळजीपूर्वक उतरवून पुन्हा चुना लावायचा आणि लाकडाला सुकू द्यायचे असते.

सध्याचा पेच उष्णतारोधनाचा आहे. हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी भिंतीत कृत्रिम फेस (फोम) भरला, तर घरातली वाफ थंड लाकडापाशी अडकून तिचे पाणी होण्याचा धोका राहतो, म्हणजे सिमेंटचीच चूक नव्या रूपात. त्यामुळे अशा घरांत लाकडी तंतूंचे तक्ते किंवा अंबाडीसारख्या भांगेच्या काटक्या आणि चुना यांचे मिश्रण वापरले जाऊ लागले आहे. त्यांची ऊब फेसाइतकी नाही, भिंत जाड होते आणि खर्चही कमी नसतो. पण त्यांतून वाफ ये-जा करू शकते.