बार्बिकन सेंटर, लंडन

बार्बिकन सेंटर हे लंडनच्या जुन्या 'सिटी' भागातलं अवाढव्य कलासंकुल आहे, म्हणजे नाटक, सिनेमा, मैफिली, प्रदर्शनं सगळं एकाच ठिकाणी. डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात हा परिसर जवळपास साफ झाला होता, मग सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनने तिथे दोन हजारांच्या आसपास फ्लॅट बांधले आणि त्यांच्या मधोमध हे सेंटर, जे सुरू व्हायला ३ मार्च १९८२ उजाडला. आर्किटेक्ट चेंबर्लिन, पॉवेल अँड बॉन. स्टाइल ब्रुटलिस्ट, म्हणजे ना प्लास्टर ना रंग, नुसतं काँक्रीट, पण ते तसंच सोडून दिलेलं नाही बरं का, जात्याला टाकी लावतात तसं कामगारांनी ठोकून ठोकून खडबडीत केलंय, जवळ जाऊन हात फिरवला की कळतं. कुरूप म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ होते, तरी २००१ मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

पहिल्यांदा जाणारा इथे हमखास चुकतो. गाड्या खाली आणि माणसं वर अशी मूळ कल्पना, त्यामुळे पायवाटा जमिनीपासून उंचावर आहेत आणि दार समोर दिसतं पण तिथे उतरायचं कुठून ते काही सापडत नाही, शेवटी वाट दाखवायला जमिनीवर पिवळी रेघ मारावी लागली. वेळ हातात ठेवूनच निघावं. आणि तिकिटावर सिनेमा २ किंवा ३ असेल तर मेन बिल्डिंगमध्ये शिरूच नका, ते बीच स्ट्रीटवर वेगळे आहेत, सिनेमा १ तेवढा आत तळघरात.

खरी मजा थिएटरमध्ये. साधारण ११५० सीट्स, पण मधून जायला वाटच नाही, प्रत्येक रांगेला दोन्ही टोकांना स्वतःचं दार. प्रयोग सुरू व्हायच्या वेळी ही सगळी दारं एकदम, आपोआप, मिटतात, आणि मला विचाराल तर तेवढ्यासाठी पाच मिनिटं आधी जाऊन बसायला हरकत नाही. रॉयल शेक्सपिअर कंपनीचं लंडनमधलं घर २००२ पर्यंत हेच होतं. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा मात्र अजून इथल्याच हॉलमध्ये वाजवतो. प्रयोगशील नाटकांसाठी खाली 'पिट' नावाची छोटी जागा आहे.

वर मोठी आर्ट गॅलरी आहे, तिला तिकीट लागतं. 'कर्व्ह' नावाची दुसरी गॅलरी कॉन्सर्ट हॉलच्या पाठीला चिकटून वळत जाते, तिथली प्रदर्शनं बहुतेक फुकट असतात. तिकीट नसलं तरी फॉयरमध्ये किंवा तळ्याकाठी निवांत बसता येतं, कोणी उठवत नाही.

सगळ्यात वर काचेचं झाडघर आहे. थिएटरच्या स्टेजवरचा, पडदे वर ओढून घ्यायचा जो उंच मनोरा असतो ना, तो झाकायला म्हणून हे त्याच्याभोवती बांधलं. रोज उघडं नसतं, दिवस बघूनच जावं.