जिओइन्फॉर्मेटिक्सचं एम.टेक.: सीमाभागातल्या मुलांचे अर्ज कुठे अडतात

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पर्यावरणशास्त्राची मुलं रिमोट सेन्सिंग (उपग्रहांवरून जमिनीची माहिती घेणं) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडणं), म्हणजेच जिओइन्फॉर्मेटिक्स, शिकायला आयआयटीसारख्या संस्थांत जायचं म्हणतात, तेव्हा वाट बहुतेक ‘गेट’ या एम.टेक.च्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतूनच जाते. त्यात पर्यावरणशास्त्राचा पेपर २०२१ पासून आहे, जिओमॅटिक्सचा (मोजणी-नकाशाशास्त्राचा) २०२२ पासून. अर्ज ऑनलाइन, परीक्षा फेब्रुवारीत, गुण तीन वर्षं चालतात. इथवर कुणी अडत नाही.

पहिली गफलत पात्रतेची. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला गेटला बसता येतं, म्हणून प्रवेशही मिळेल असं मुलं धरून चालतात. एम.टेक.ला बी.ई. नाहीतर एम.एस्सी. लागते, आणि एम.एस्सी. कुठल्या विषयाची चालेल ते प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. माहितीपत्रकात तुमच्या पदवीचं नाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय फी भरू नका. एम.एस्सी. होईपर्यंत इस्रोच्या डेहराडूनच्या आयआयआरएसचे (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग) मोफत ऑनलाइन कोर्स जरूर करा.

खरी रड जातीच्या दाखल्याची. आपल्याकडे २अ, ३ब असे प्रवर्ग आहेत, ते कर्नाटक सरकारचे. केंद्राची ओबीसी यादी निराळी, आणि आयआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांत तीच चालते. नाडकचेरीतून (गावाजवळच्या महसूल कार्यालयातून) आणलेला ३बचा दाखला जोडून ‘ओबीसी’वर टिक केलेले अर्ज मी दरवर्षी परत आलेले बघतो, आणि दर वेळी जीव तुटतो. आधी केंद्राच्या यादीत कर्नाटकाखाली आपली जात शोधा. असेल तर तहसीलदारांकडे ‘केंद्र सरकारच्या नमुन्यातला, नॉन क्रीमी लेयरचा’ असं स्पष्ट सांगून दाखला मागा. नुसतं ‘ओबीसीचा द्या’ म्हटलं की राज्याचाच हातात पडतो. तारीखही बघा: बहुतेक संस्थांना प्रवेशाच्या वर्षाच्या १ एप्रिलनंतरचाच चालतो. गेल्या वर्षीचा फेब्रुवारीतला दाखला ‘अजून वर्ष कुठं झालंय’ म्हणून जोडू नका.

नॉन क्रीमी लेयरसाठी असलेल्या वर्षाला आठ लाख उत्पन्नाच्या मर्यादेलाही घाबरून जाऊ नका. त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. कारखान्याचं उसाचं बिल मोठं आलं म्हणून दाखलाच न मागणारी घरं मी पाहिली आहेत. वडिलांची नोकरी कुठल्या दर्जाची आणि बागायत जमीन किती, या अटी मात्र वेगळ्या तपासतात. कार्यालयात कुणी एकूण उत्पन्नावर बोट ठेवून परत पाठवलं तर हा नियम दाखवा, भांडायला संकोच करू नका.

शेवटचं, नाव. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर ‘प्रिया एम. पाटील’, आधारवर ‘प्रिया मारुती पाटील’, पदवीवर आडनावच गायब. तिन्ही कागद एकाच मुलीचे, पण पडताळणीच्या टेबलावर ती तीन माणसं होतात. मार्क्स कार्ड बदलायला महिनोन्‌महिने जातात. त्यापेक्षा गेटचा अर्ज ऑगस्टात सुटण्याआधी आधार मार्क्स कार्डाप्रमाणे करून घ्या, आणि पदवीवरच्या फरकासाठी नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट तयार ठेवा. दाखला नुसता कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही त्याच फेरीत उरकून घ्या.