पारंपरिक मार्शल आर्ट्सचं स्वसंरक्षणासाठी रूपांतर

कराटे, जूदो, जुजुत्सू, कुंग फू, कुस्ती, लाठी अशा जुन्या विद्यांमधले डाव घ्यायचे, आज जे हल्ले खरंच होतात (जिन्यात, गाडीत, घरात, गर्दीत) त्यांच्यासमोर ते टिकतील असे बदलायचे, सरावही तसाच बदलायचा आणि जे टिकत नाही ते सरळ बाजूला ठेवायचं, या सगळ्याला मिळून हे रूपांतर म्हणतात. ऐकताना वाटतं की डाव तोच, फक्त जरा रफ करायचा. प्रत्यक्षात डाव हा यातला सगळ्यात छोटा भाग असतो. अंतर किती आहे, मारामारी सुरू कशी होते, समोरचा किती विरोध करतोय आणि आपल्याला शेवटी काय साधायचंय, एवढं बदललं की तोच डाव वेगळा होऊन बसतो. स्पर्धेत जिंकायचं असतं, वर्गात फॉर्म बरोबर यायला हवा असतो, इथे मात्र सुटायचं आणि धडपणे निघून जायचं, बस.

फरक पडतो कुठे

जुन्या विद्या म्हणजे नुसता नाच आहे असं नेटवर बरेच जण ठोकून देतात, ते काही पटत नाही. यातल्या बऱ्याच विद्या त्यांच्या काळातल्या हल्ल्यांना उत्तर म्हणूनच तयार झाल्या, फक्त ते हल्ले आता तसे होत नाहीत. जूदोचंच बघा. कोदोकान ही जूदोची मूळ संस्था, तिच्या जुन्या 'किमे नो काता'मध्ये (काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचा संच) 20 डाव आहेत, त्यातले पहिले 8 दोघंही गुडघ्यांवर बसलेले असताना करायचे आणि पुढे उभ्याने करायच्या भागात तलवारीचा वारही येतो. ज्या समाजात लोक चटईवर समोरासमोर बसायचे आणि कमरेला तलवार असायची तिथे हे अगदी प्रॅक्टिकल होतं. मग 1956 मध्ये कोदोकाननेच 'गोशिन जुत्सू' नावाचा नवा संच आणला, 21 डावांचा, सगळे उभ्याने, त्यात 12 नुसत्या हाताच्या हल्ल्यांवर आणि बाकीचे 9 सुरा, काठी आणि पिस्तुलावर. म्हणजे परंपरा जपणाऱ्या संस्थेनेच तलवार काढली आणि पिस्तूल आणलं. परंपरेला हात लावायचा नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

कराटेची गोष्ट थोडी उलटी आहे. जपानच्या ओकिनावा बेटावरचे कराटेगुरू इतोसू आंको यांनी 1908 च्या आपल्या प्रसिद्ध पत्रात असं मांडलं होतं की ही कला एकास एक सामना खेळण्यासाठी नाही, गुंड अंगावर आला तर इजा टाळण्यासाठी आहे. पण हीच कला तेव्हा शाळांमध्ये शिरत होती, मुलांना रांगेत उभं करून शिकवायची म्हणजे ती सोपी आणि सुरक्षित करावी लागली, आणि नंतर जपानच्या विद्यापीठांमध्ये गेल्यावर सामने सुरू झाले. सामन्यात दोघं लांब उभे राहतात, वाकून नमस्कार करतात आणि मग उडी मारून आत येतात. खऱ्या हल्ल्यात माणूस आधीच हाताच्या अंतरावर असतो, बोलत असतो, कॉलर धरतो, ढकलतो, आणि मग मारतो. काताच्या बऱ्याचशा हालचाली या जवळच्या झोंबाझोंबीसाठी होत्या, त्या लांबून वापरायला गेल्यावर अर्थातच विचित्र दिसू लागल्या.

कानोंचा तिढा

जूदोचे जनक कानो जिगोरोंनी 1882 मध्ये कोदोकान सुरू केलं तेव्हा जुजुत्सूतले सगळ्यात धोकादायक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून काढले. ठोसे, लाथा, बोटं मोडणं हे कातापुरतं राहिलं आणि फेकणं, दाबून धरणं, गळा आवळणं, कोपर अडकवणं असं जे पूर्ण ताकदीने करूनही जोडीदार उद्या परत येऊ शकेल ते रांडोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, ठेवलं. इथेच सगळी गंमत आहे. जो डाव इतका भयंकर की करून बघताच येत नाही, तो आपल्याला खरंच येतो की नाही हे कधी कळतच नाही, आणि जो कमी भयंकर आहे तो रोज विरोध करणाऱ्या माणसावर करून करून अंगात मुरतो. "आमचे डाव रिंगमध्ये चालत नाहीत कारण ते जीवघेणे आहेत" हे वाक्य प्रत्येक क्लासमध्ये कोणीतरी बोलतंच, आणि ते बोलणाऱ्याने जीवघेणा डाव आयुष्यात एकदाही कोणावर पूर्ण केलेला नसतो.

12 नोव्हेंबर 1993 ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी (वेगवेगळ्या विद्यांच्या लढवय्यांची, फार कमी नियमांची स्पर्धा) झाली, ब्राझिलियन जुजुत्सूवाल्या, अंगाने बारीक रॉइस ग्रेसीने तिघांना जमिनीवर नेऊन हरवलं, त्यानंतर हा मुद्दा सगळ्या जगाला पटला. पण त्यातून लोकांनी अजून एक चुकीचा धडा घेतला, की मग जमिनीवर जाणं हेच खरं स्वसंरक्षण. तिथे एकच प्रतिस्पर्धी होता, मॅट होती, सुरा नव्हता आणि लाथा घालायला त्याचे मित्र येणार नव्हते.

ज्यांनी हे आधी केलं

1898 मध्ये बार्टन-राइट हा इंग्रज जपानहून परतला आणि लंडनमध्ये त्याने जुजुत्सू, बॉक्सिंग, फ्रेंच सावात (लाथा-ठोशांचा प्रकार) आणि छडी असं एकत्र करून 'बार्टित्सू' काढलं. क्लब काही वर्षांतच बंद पडला, कल्पना मात्र आजच्या सगळ्या मिश्र पद्धतींची आजी शोभेल अशी आहे. त्याच शहरात इडिथ गॅरुड, उंची 4 फूट 11 इंच, मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांना जुजुत्सू शिकवत होती, म्हणजे धिप्पाड पोलिसांच्या पकडीतून सुटायला. शांघायच्या पोलीस दलात 1907 पासून असलेल्या विल्यम फेअरबेर्नने जूदो आणि चिनी पद्धती शिकून त्यातलं थोडंच उचललं. तळहाताच्या टाचेने हनुवटीवर, हाताच्या कडेने मानेवर, बुटाने नडगीवर, एवढ्यावर त्याने भर दिला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना हेच थोड्या दिवसांत शिकवलं. क्राव मागा या इस्रायली स्वसंरक्षण पद्धतीचा जनक इमी लिख्टेनफेल्ड स्वतः कुस्ती आणि बॉक्सिंगमधला खेळाडू होता, पण 1930 च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळ्यांशी भिडताना खेळातलं सगळं तसंच्या तसं चालत नाही हे त्याला कळलं. या सगळ्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, कोणीच शिकलेलं तसंच्या तसं ठेवलं नाही, आणि फेअरबेर्नने तर डाव कमीच केले.

डावात नेमकं काय बदलतं

कराटेतला हिकिते घ्या. एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा मूठ आवळून कमरेशी ओढायचा, हे वर्गात हजार वेळा करून घेतात आणि का म्हणून विचारलं तर ताकद येते असं सांगतात. रस्त्यावर रिकामा हात कमरेशी नेला की आपलं तोंड उघडं पडतं. पण तो हात मुळात रिकामा नसतोच, त्या मुठीत समोरच्याची बाही नाहीतर मनगट असतं. त्याने छातीवर हात टाकला, आपण तो पकडून झटक्यात आपल्या कमरेकडे ओढला, की त्याचा खांदा पुढे येतो, वजन पुढच्या पायावर जातं, दुसरा हात आपोआप लांब पडतो, आणि तो चेहरा घेऊन स्वतःच आपल्या येणाऱ्या तळहातावर येतो. तसंच वरच्या ब्लॉकचं. उंचावरून येणारा वार अडवायला तो क्वचितच कामी येतो, पण गचांडी धरलेल्या माणसाचा हात खाली दाबून दुसऱ्या हाताचं कोपरापुढचं हाड त्याच्या जबड्याखाली घुसवलं तर तीच हालचाल लगेच समजते. ओकिनावाचा कराटेपटू मोतोबू चोकी, जो खरोखर मारामाऱ्या करण्यासाठी प्रसिद्ध होता, तो दोन्ही हात पुढे आणि एकमेकांच्या मदतीला ठेवा असं सांगायचा, ते याच कारणाने.

काताचा असा अर्थ लावण्याला बंकाई म्हणतात, आणि यात अतिरेकही भरपूर होतो. कुठल्याही हालचालीला कुठलाही अर्थ चिकटवता येतो. जोडीदार शहाण्यासारखा हात पुढे करून पुतळा होतो आणि मग सात स्टेपचा डाव दिसायला झकास होतो. त्याला फक्त सांगा की हात मागे ओढ आणि दुसऱ्या हाताने मारत राहा. जे उरेल ते ठेवायचं.

बंद मुठीचा ठोसा डोक्यावर मारणं स्वसंरक्षणात बरेच ट्रेनर टाळायला सांगतात. कवटी कडक, आणि करंगळीमागचं तळहातातलं हाड नाजूक, ते मोडतं इतक्या वेळा की डॉक्टरांनी त्याला बॉक्सरचं नाव देऊन टाकलंय, आणि बॉक्सरला तर पट्टी आणि ग्लोव्हज तरी असतात. म्हणून तळहाताची टाच, कोपर, जवळ असेल तर गुडघा. उंच लाथा जवळपास सगळ्याच बाद होतात, ओली फरशी, तंग पॅन्ट, हातात पिशवी आणि एका पायावर उभं राहायचं, त्यापेक्षा नडगीवर किंवा गुडघ्यावर सरळ लाथ परवडते. मनगट पिरगाळायचे डाव दिसतात सुंदर, पण घामाने ओला झालेला आणि जोरात हलणारा हात पकडून तो पिरगाळणं हे आधी एक जोरदार तडाखा बसल्याशिवाय सहसा होत नाही. जुन्या जुजुत्सूत हा आधीचा तडाखा असायचाच, सौम्य सरावात तो गळून गेला.

फेकण्याच्या डावांचं वेगळं आहे. ओसोतो-गारीसारखा पाय झाडून मागे पाडायचा डाव अगदी जवळून लागतो, समोरच्याने कॉलर धरली असेल तर अजून सोपा. पण मॅटवर पडणं आणि काँक्रीटवर डोक्याच्या मागच्या बाजूवर पडणं यात जीव जाण्याइतका फरक आहे. आणि स्वतः खाली झोपून फेकायचे डाव, तोमोए-नागेसारखे, ते विसरलेलेच बरे. जमिनीवरच्या ब्राझिलियन जुजुत्सूतून मात्र एक गोष्ट नक्की उचलावी, पाठीवर पडल्यावर पाय मध्ये ठेवून अंतर करायचं आणि एक हात टेकून, डोकं झाकून उठायचं. गळा आवळून जिंकण्यापेक्षा हे उठणं कितीतरी जास्त वेळा लागेल.

मारामारीच्या आधीचा भाग

भीतीने अंगात अॅड्रेनालिन चढलं की हात थरथरतात, बारीक कामं जमत नाहीत, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, कधी कधी आवाज ऐकू येईनासे होतात. दहा पर्याय माहीत असले तर निवडण्यातच वेळ जातो. त्यामुळे दोन-तीन मोठ्या, ढोबळ हालचाली, ज्या पकडलं तरी चालतात आणि ढकललं तरी चालतात, अशाच ठेवायच्या.

पारंपरिक पवित्रा घेऊन उभं राहणंही अडचणीचं, कारण मुठी वर केल्या की भांडण ठरूनच जातं, आणि बघणाऱ्यांनाही तुम्हीच भांडखोर वाटता. त्याऐवजी ब्रिटिश ट्रेनर ज्याला फेन्स म्हणतात ते करतात, म्हणजे दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे समोर, एक पाय जरा मागे, आणि तोंडाने "शांत व्हा, मला भांडायचं नाहीये" असं मोठ्याने. दिसायला विनवणी, पण हात मध्ये आहेत, अंतर राखलंय आणि समोरचा पुढे आला तर तळव्याला लगेच कळतं. ओरडणं, मागे सरकणं, दार कुठे आहे बघणं हेही सरावात हवंच, नुसतं सांगून होत नाही.

सरावाची पद्धत अमेरिकेत 1970 च्या दशकात 'मॉडेल मगिंग'ने बदलून टाकली. हल्लेखोर झालेला ट्रेनर डोक्यापासून पायापर्यंत पॅड घालतो, आधी शिवीगाळ करतो, मग पकडतो, आणि शिकणारी पूर्ण ताकदीने मारते. कानोंच्या तिढ्यावरचा हाही एक तोडगाच आहे, डाव सौम्य करायच्या ऐवजी माणसालाच गुंडाळून ठेवायचं.

सुरा आणि कायदा

सुऱ्याविरुद्धचे पारंपरिक डाव एका वारावर आधारलेले असतात, हात लांब करून एक भोसक आणि मग वाट बघ. खरा सुरा लपवलेला असतो, जवळून येतो आणि भराभर परत परत येतो. सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर या पोलिसाने 1983 मध्ये दाखवलं की 21 फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर पोचतो. पैसे मागत असेल तर देऊन टाका, पळता येत असेल तर पळा, आणि दोन्ही शक्य नसेल तरच सुऱ्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून सोडायचा नाही. यात जखम होणारच. जो ट्रेनर होणार नाही म्हणतो त्याच्याकडे शिकू नये.

कायदे देशोदेशी वेगळे असले तरी बहुतेक ठिकाणी बळ गरजेपुरतंच आणि धोका चालू असेपर्यंतच मान्य असतं. जुन्या डावांच्या शेवटी पडलेल्या माणसाला जो 'फिनिशिंग' फटका असतो तो म्हणूनच सरावातूनच काढलेला बरा, कारण जे रोज केलं तेच हात करतात.

उपयोग होतो का

यावर ठोस अभ्यास कमी आहेत. त्यातला चांगला म्हणजे कॅनडातल्या तीन विद्यापीठांमधल्या 893 मुलींवरचा, 2015 मध्ये छापून आलेला. 12 तासांचा कोर्स, चार भागांचा, केलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण 5.2 टक्के होतं आणि फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या मुलींमध्ये 9.8 टक्के. यातलं शारीरिक तंत्र कॅनडातल्याच वेन-दो या महिलांसाठीच्या पद्धतीवर आधारलेलं होतं, पण प्रतिकाराला चारपैकी एकच भाग दिला होता. बाकीच्या भागांमध्ये धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठामपणे नाही म्हणताना आड येणारा संकोच, आणि नात्यात आपल्याला काय हवंय याचा विचार, असं होतं. हल्ला करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, आणि ओळखीच्या माणसाविरुद्ध कुठल्या विद्येचा काता आहे हे पारंपरिक क्लासमध्ये अजून तरी कोणी विचारत नाही.