थायरॉइड आणि हाडांचे स्कॅन: आजच्या सूचनांमागचा इतिहास

थायरॉइड अपटेकसाठी, म्हणजे ग्रंथी किती आयोडिन शोषते ते मोजायला, आलेल्या रुग्णाला आधी विचारतात, "गेल्या दोन महिन्यांत डाय देऊन सीटी स्कॅन झालाय का?" हाडांच्या स्कॅनचं इंजेक्शन दिल्यावर सांगतात, "भरपूर पाणी प्या आणि तीन तासांनी या." एक्स-रेमध्ये अवयवाचा आकार आणि घनता दिसते. या दोन तपासण्यांत पेशी काय आणि किती शोषून घेतायत ते मोजलं जातं, आणि त्यासाठी योग्य अणू सापडायला जवळपास चाळीस वर्षं लागली. वरच्या दोन्ही सूचनांची मुळं त्या शोधात आहेत.

१२ नोव्हेंबर १९३६ रोजी बॉस्टनमध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलला भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांचं व्याख्यान झालं. थायरॉइडचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी त्यांना विचारलं, आयोडिन किरणोत्सारी करता येईल का? त्यातून एमआयटीत रॉबली इव्हान्स यांच्याबरोबर काम सुरू झालं आणि सशांची थायरॉइड ग्रंथी आयोडिन झपाट्याने ओढून घेते हे मोजून दाखवता आलं. मात्र त्यांच्याकडच्या आयोडिन-१२८ चं अर्धायुष्य (निम्मं व्हायला लागणारा वेळ) अवघं २५ मिनिटं होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मोजणीला हाती काहीच उरत नसे. १९३८ मध्ये बर्कलीत लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांना आठ दिवस अर्धायुष्याचं आयोडिन-१३१ सापडलं आणि २४ तासांचा अपटेक शक्य झाला.

ती मोजणी आजही त्याच तत्त्वावर होते. काही मायक्रोक्युरींची (किरणोत्साराचं एकक) आयोडिनची कॅप्सूल तोंडाने देतात. चार ते सहा तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी प्रोब (किरण मोजणारं उपकरण) मानेसमोर साधारण २५ ते ३० सेंटीमीटरवर ठेवून मोजणी घेतात. मग तेवढ्याच अंतरावरून मांडी मोजतात, म्हणजे रक्तात आणि स्नायूंत फिरणाऱ्या आयोडिनचा हिस्सा वजा करता येतो. तशीच दुसरी कॅप्सूल मानेच्या फँटममध्ये (मानेच्या प्रतिकृतीत) ठेवून मोजली की ते झालं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेचं माप. समजा मान ११,०००, मांडी १,०००, स्टँडर्ड ४०,५०० आणि खोलीतली पार्श्वमोजणी ५०० आली, तर १०,००० भागिले ४०,०००, म्हणजे अपटेक २५ टक्के. अंतर मात्र काटेकोर लागतं. २५ ऐवजी २३ सेंटीमीटर झालं तर मोजणी सुमारे १८ टक्क्यांनी फुगते आणि हाच रुग्ण ३० टक्क्यांच्या जवळ पोहोचतो, म्हणजे नॉर्मलच्या पार कडेला.

२४ तासांना १० ते ३० टक्के ही ढोबळ नॉर्मल मर्यादा, पण ती आहारावर हलते. अमेरिकेत पावातून आयोडिन जास्त जाऊ लागलं तशी १९६० च्या दशकात नॉर्मल पातळी खाली आली. आयोडिनयुक्त मीठ घराघरांत असलेल्या आपल्या देशातही प्रत्येक केंद्राने स्वतःची मर्यादा ठरवणं रास्त आहे. सीटीच्या डायचंही तसंच: त्यातल्या आयोडिनमुळे शरीरातला साठा इतका वाढतो की कॅप्सूलमधलं आयोडिन ग्रंथीच्या वाट्याला जेमतेम येतं. मग ग्रेव्हज (ग्रंथी अति काम करण्याचा आजार) असलेल्या, म्हणजे एरवी अपटेक चढा येणाऱ्या रुग्णाचा आकडाही घसरतो आणि तो थायरॉइडायटिससारखा (ग्रंथीचा दाह, यात अपटेक कमी येतो) दिसू लागतो. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे, म्हणून तो प्रश्न सर्वांत आधी. अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठीचं आयोडिनयुक्त औषध) चालू असेल तर हा परिणाम कित्येक महिने टिकतो.

नुसत्या आकड्यावरून कोणती गाठ शोषतेय आणि कोणती नाही हे कळत नाही. बेनेडिक्ट कॅसन यांचा ओळीओळीने सरकणारा स्कॅनर १९५१ च्या सुमारास आला, हॅल अँगर यांचा गॅमा कॅमेरा त्या दशकाच्या अखेरीस. आयोडिन-१३१ चे ३६४ केईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे किरण या कॅमेऱ्याच्या पातळ स्फटिकातून बरेचसे आरपार जातात, शिवाय त्याचे बीटा कण ग्रंथीला मोठा डोस देतात. उत्तर टेक्नेशियम-९९एममध्ये मिळालं: १४० केईव्ही, सहा तासांचं अर्धायुष्य. अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत त्याचा जनरेटर तयार झाला. ६६ तास अर्धायुष्याच्या मॉलिब्डेनमपासून सलाइनने रोज ताजं टेक्नेशियम धुऊन काढता येऊ लागलं. थायरॉइड ते ओढून घेते, पण त्याचं हार्मोन बनवत नाही, म्हणून इंजेक्शननंतर वीसेक मिनिटांतच चित्र घेतात.

हाडांची वाट जास्त लांबली. हेवेशी आणि किवित्झ यांनी १९३५ मध्ये फॉस्फरस-३२ वापरून उंदरांचं हाड सतत बदलत असतं हे दाखवलं, पण त्याचे बीटा कण शरीराबाहेर पोहोचत नाहीत. स्ट्राँशियम-८५ बाहेरून दिसे, मात्र ६५ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे डोस अगदी कमी ठेवावा लागे आणि चित्रं पुसट येत. १९६२ मध्ये फ्लोरिन-१८ आलं, तर ते ११० मिनिटांत निम्मं होई. १९७१ मध्ये सुब्रमण्यन आणि मॅकॅफी यांनी कथिलाच्या मदतीने टेक्नेशियम फॉस्फेट साखळीला जोडलं आणि कोंडी फुटली. ती साखळी शरीरातल्या एन्झाइममुळे तुटे, म्हणून काही वर्षांत कार्बनच्या दुव्याचं, न तुटणारं एमडीपी हे संयुग आलं. हाडात न बसलेलं एमडीपी मूत्रपिंडांवाटे निघून जातं. पाणी आणि तीन तास त्यासाठीच. स्कॅनआधी लघवी करायची, नाहीतर भरलेलं मूत्राशय ओटीपोटाची हाडं झाकतं.

कथिलाचा हा दुवा नाजूक आहे. व्हायलमध्ये हवा शिरली की कथिलाचं ऑक्सिडीकरण होतं, टेक्नेशियम सुटं राहतं आणि हाडांच्या स्कॅनवर थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर उजळतात. अहवाल लिहिणाऱ्याने तिथे रोग शोधू नये, आधी त्या दिवशीच्या औषधाची शुद्धता तपासावी.

आपल्याकडे १९५६ मध्ये तुर्भ्याची अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. पुढे २००२ मध्ये तिथेच वैद्यकीय सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) आला. पेट (किरणोत्सारी द्रव्य शरीरात कुठे साचलंय ते दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांमुळे फ्लोरिन-१८ जगभर हाडांच्या तपासणीत परतलं. त्याचं चित्र जास्त रेखीव येतं आणि साधारण तासाभरात घेता येतं, पण झिजलेले सांधेही त्यात ठळक दिसतात. आणि एमडीपी काय किंवा फ्लोरिन-१८ काय, दोन्ही नवं हाड घडतंय तिथेच साचतात. मल्टिपल मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कर्करोग) हाड पोखरलं जातं, पण नवं फारसं बनत नाही, त्यामुळे स्कॅन नॉर्मल येऊनही आजार असू शकतो. तिथे संपूर्ण शरीराचा कमी डोसचा सीटी, एमआरआय किंवा एफडीजी (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य) देऊन पेटच करावा लागतो.