डोळे येतात ते नजरेने नव्हे, हाताने

डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं की आपलेही येतात, हा समज भलताच चिवट. रुग्णाचा काळा गॉगल त्याला उजेडापासून आराम देतो. बघणाऱ्याचं संरक्षण करत नाही. साथ फिरते ती हात, टॉवेल, उशीचा अभ्रा आणि दाराच्या कडीवरून.

विषाणूमुळे डोळे येतात तेव्हा बहुतेकदा कारण अ‍ॅडिनोव्हायरस असतो. फ्लूच्या विषाणूभोवती पेशीतून निघताना पांघरलेलं चरबीचं आवरण असतं. साबण किंवा अल्कोहोलने ते फाटलं की विषाणू निकामी. अ‍ॅडिनोव्हायरस उघडाच असतो. सुमारे ९० नॅनोमीटरचं, २० त्रिकोणी बाजूंचं, २५२ प्रथिन-घटकांचं कवच आणि आत दुपदरी डीएनए. कवचाच्या १२ कोपऱ्यांतून तंतू निघतात. ३७ क्रमांकाच्या प्रकारात तंतूच्या टोकाची गाठ डोळ्याच्या पेशींवरील सियालिक आम्लाला (साखरेसारख्या एका रेणूला) धरते. विरघळवायला चरबीच नसल्याने हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक दिवस तग धरतो आणि सॅनिटायझरवर विसंबता येत नाही. मग साबण कशाला? इथे तो विषाणूला मारत नाही, त्वचेवरून सुटा करतो. पुढचं काम चोळण्याचं आणि वाहत्या पाण्याचं. म्हणून किमान २० सेकंद, नखांच्या कडांसकट.

१९६९ मध्ये घानात डोळ्यांची साथ आली, तेव्हाच अपोलो ११ चंद्रावर उतरलं होतं. लोकांनी दोहोंची सांगड घातली आणि आजाराला ‘अपोलो’ नाव पडलं. कारण निघाला एन्टेरोव्हायरस ७०. तोही बिनचरबीचाच!

प्रतिजैविकाचे थेंब विषाणूवर चालत नाहीत. थंड पट्ट्या आणि कृत्रिम अश्रू पुरतात. चिपडं ओल्या कापसाने नाकाकडून बाहेर पुसावीत, दर वेळी नवा कापूस. कॉन्टॅक्ट लेन्स बंद. संसर्ग साधारण दोन आठवडे पसरू शकतो. एक डोळा निवळला म्हणून टॉवेल लगेच एकत्र करू नये.

घरात उरलेले स्टेरॉईडचे थेंब मात्र मुळीच घालू नयेत. लाली झटकन उतरते, पण विषाणू जास्त दिवस बाहेर पडत राहतो. आणि लाली नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस सिम्प्लेक्सची असली, तर पारपटलावरची, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावरची, फांदीसारखी जखम पसरते. तिला विषाणूरोधक औषधच लागतं. दृष्टी धूसर होणं, उजेड अजिबात सहन न होणं किंवा तीव्र वेदना, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावं.