कोरोनाची धास्ती अन् डिप्रेशन, दोन्ही एक नाहीत

कोरोनाच्या काळात आमच्या घरात दोन माणसं झोपंविना तळमळली, एक आत्या अन् एक चुलतभाऊ. तक्रारी ऐकल्या तर दोघांच्या सारख्याच, झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधड, कशातच मन लागत नाही. गावानं दोघांनाही एकच सांगितलं, टेन्शन घेऊ नका. पण दोघांचं दुखणं वेगळं होतं अन् ते कळायला आम्हाला लई उशीर झाला, म्हणून हे लिहायलोय.

आत्याचं आधी सांगतो. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागलं अन् ती दुधाची पिशवी साबणानं धुवायली, नोटा दोरीवर वाळत घालायली, टीव्हीवर जिल्ह्याचा आकडा वाढला की रात्री घसा खवखवतोय म्हणून उठून बसायची. ८ मे ला औरंगाबादकडच्या करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, त्या दिवशी ती जेवलीच नाही. ही धास्ती. हिचं सगळं ध्यान पुढं काय होईल याच्यावर असतं, अन् बाहेरचं सावट हटलं की बहुतेकांची ती पण उतरते. जूनात पाऊस पडला, पेरणीची धांदल सुरू झाली अन् आत्या आपोआप सैल पडली, मग दुसऱ्या लाटेत परत तेच, परत उतरलं.

इंग्लंडात पहिल्या लॉकडाऊनपासून २० आठवडे हजारो लोकांना विचारत गेले तेव्हा पण असंच दिसलं, काळजी अन् उदासी सुरुवातीलाच सगळ्यात जास्त, नंतर उतरत गेली. पण ही सरासरी झाली, अन् ज्याचं उतरलंच नाही तो माणूस सरासरीत झाकून जातो.

माझा भाऊ असाच झाकून गेला. त्याचे वडील म्हणजे माझे काका एप्रिल २०२१ मधे गेले, ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर फिरून. पहिले दोन-तीन महिने तो रडायचा, आठवणी सांगायचा, पोरगी मांडीवर येऊन बसली की हसायचा पण. ते दुःख होतं, अन् दुःख म्हणजे आजार नाही. पण पुढं रडणंच थांबलं, अन् आम्हाला वाटलं सावरला! दसऱ्याला सोयाबीन काढणीला आलं, शेंगा फुटून दाणे खाली पडायले, अन् हा बाजेवर पडून आढ्याकडं बघत. दाढी वाढलेली. पोरगी हाक मारायली तरी मान वळत नव्हती. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच, अन् एकच वाक्य, "माझ्यामुळंच दादा गेले."

तोपर्यंत गावात पेशंट नव्हता, मास्क खिशात गेले होते, सगळे म्हणायले आता तर कोरोना गेला, आता कशाचं दुःख करतो. खरी गल्लत इथंच होते बघा. धास्ती बातमीसोबत चढते-उतरते, डिप्रेशनला बातमीचं काही देणंघेणं नसतं, लाट ओसरली तरी ते माणसाच्या आत मुक्काम करतं. धास्तीवाला माणूस पुन्हा पुन्हा विचारतो, मला काही होणार नाही ना? डिप्रेशनवाला विचारतच नाही, त्याला वाटतं जे व्हायचं ते होऊन गेलंय अन् चूक आपलीच आहे. आत्याला डॉक्टरनं ऑक्सिमीटर लावून ९८ दाखवलं की दोन दिवस बरे जायचे. भावाला कुणी कितीही समजावलं तरी काडीचा फरक नाही. दोन्ही एकाच माणसाला एकत्र पण होतात, तेव्हा ओळखायला अजूनच अवघड.

डॉक्टर मोजतात ते साधं आहे, उदासी किंवा कशातच रस नसणं, जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे किंवा जास्त, अन् सोबत झोप, भूक, थकवा, अपराधी वाटणं असलं काही. जीव नकोसा झालाय असं माणूस बोलला तर दोन आठवडे पण थांबायचं नाही, त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आता १४४१६ हा टेली मानस म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा फुकट नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं, पण तो ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, आमच्या वेळी नव्हता.

दिवाळी झाल्यावर भावाला मानसोपचारवाल्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं, नाहीतर आम्ही दहाव्या दिवशीच सोडल्या असत्या. पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यानं स्वतःहून विचारलं, सोयाबीनला काय भाव चाललाय. वहिनी चुलीपुढं बसली होती, तिनं ते ऐकलं अन् पदर डोळ्याला लावला.